पारणं होईपर्यंत

बाबांच्या हाताला पट्टी बांधता बांधता डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्या घरची कडबा कुट्टी कोणत्या कंपनीची आहे?"

मी दारात उभी होते. बातमी कळली तशी कॉलेजातून धावत आले होते, धापसुद्धा थांबली नव्हती. आमच्या घरी कडबा कुट्टीचं मशीन नाही. कधीच नव्हतं. लाल्या आणि मोहऱ्या हे आमचे दोन बैल अख्खा कडबा चावून खातात, आणि फारच लाड करायचे झाले तर माय विळ्यानं तुकडे करून घालते. मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी अर्पितभाऊ बोलले.

"शेजाऱ्याची आहे, डॉक्टरसाहेब. जुनी आहे. नाव-बिव काही दिसत नाही तिच्यावर."

बाबांनी मान हलवली. डॉक्टरांनी पुन्हा एकदा अंगठ्याच्या जखमेकडे पाहिलं.

"पात्यानंच कापलं ना? मला जरा वेगळं वाटतंय."

"पात्यानंच," बाबा म्हणाले. वेदनेनं त्यांचे ओठ पांढरे पडले होते, पण हे उत्तर मात्र चटकन आलं.

माझ्यासारख्या संशयी मुलीला एवढं पुरेसं होतं. मी संशयी आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. माय म्हणते, या पोट्टीले प्रसादाच्या शिऱ्यातबी खडा सापडते. सापडतो, तर मी काय करू? त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट दिसली. बाबांच्या पायात चपला नव्हत्या.

अर्पितभाऊ म्हणजे लखमीचंद शेटजींचा मुलगा. मंगरूळपीरच्या अलीकडे रस्त्याला लागून शेटजींची डाळमिल आहे आणि माझा जन्म व्हायच्या आधीपासून बाबा तिथे कामाला आहेत. शेतीचा तुकडा आहे, पण घर चालतं ते मिलवर. बाबांचा शेटजींवर इतका विश्वास की शेटजी म्हणाले आज अमावस्या, तर बाबा चंद्राकडे बघणारही नाहीत. आणि आता त्याच मिलच्या मालकाचा मुलगा बाबांना आपल्या जीपमधून दवाखान्यात घेऊन आला होता. हात कापला म्हणे शेजाऱ्याच्या घरी, आणि जीप आली मिलमधून. मला हे पटेना.

तो दिवस खांदमळणीचा होता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळद लावून चोळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. आमच्या घरी हे काम बाबांचं. दोन्ही हातांनी ते असे चोळतात की मोहऱ्या डोळे मिटून घेतो. त्या संध्याकाळी बाबा बाजेवर पडून होते, उजवा हात उशीवर ठेवलेला. खांदे मायनं चोळले. "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या," असं बाबांऐवजी तिनंच म्हटलं. मोहऱ्या तिच्याकडे न बघता बाजेकडेच बघत होता. मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग कोणावर काढायचा हे अजून ठरायचं होतं.

शेजारी म्हणजे प्रेमसिंगकाका. पोळ्याच्या सकाळी मी सरळ त्यांच्या अंगणात गेले.

"काका, तुमची कुट्टी चालू आहे का?"

"माह्या कुट्टीवर तं कोंबडी अंडे उबवून राह्यली," ते हसत म्हणाले. "पातं मोडलं तवापासून तशीच पडून हाय. काहून? तुले पाह्यजे का?"

कोंबडी खरोखरच बसली होती. मी जवळ गेले तर चोच मारायला धावली.

आता मिल. पण मिल तर बंद होती. दर वर्षी पर्युषणाचे आठ दिवस शेटजी मिल बंद ठेवतात. पावसाळ्यात धान्यात किडे असतात, मशीन फिरलं की ते चिरडतात, म्हणून या आठ दिवसांत बटणाला हात लावायचा नाही हा त्यांच्या वडिलांपासूनचा नेम. शेटजींना त्याचा अभिमानही आहे. जैन स्थानकात कोणी विषय काढला की ते मान खाली घालतात, पण तो अभिमानच. आमचा पोळा नेहमी या आठ दिवसांतच येतो. मिल बंद असली तरी बाबा जातात, कारण झाडलोट, चाळण्यांची दुरुस्ती, पोती शिवणं ही कामं तेव्हाच होतात. बंद मिलमध्ये सुईनं पोती शिवताना कोणाचा अंगठा असा फाटतो?

मी मिलमध्ये गेले ते चपलांचं निमित्त करून. मोठ्या फाटकाला कुलूप होतं, छोटं दार उघडं होतं. अर्पितभाऊ आतच होते.

"काय पाहिजे, निकिता?"

"बाबांच्या चपला."

"इथं कुठल्या? मी पाहतो, पाठवून देतो."

"पाठवता कायले? मी आलीच हाय."

मशीनघराच्या उंबऱ्याबाहेर त्या होत्या, नीट जोडून ठेवलेल्या. मशीनघरात चपला घालून जायचं नाही हीसुद्धा शेटजींचीच शिस्त. मी चपला उचलायला वाकले आणि आत डोकावले. मोटरीवरचा रबरी पट्टा कोरा करकरीत होता. गेल्या महिन्यात डबा घेऊन आले तेव्हा तोच पट्टा उघडा फिरत होता. आता त्याच्यावर लोखंडी जाळी बसली होती, हिरव्या रंगाची. मी हात लांबवून बोट लावलं तर रंग बोटाला लागला.

"रूपला कुठं आहे?" मी विचारलं. रूपला मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा, बाबांच्या जोडीनं मशीनवर असतो.

"घरी गेला. सध्या काम नाही." अर्पितभाऊंनी माझ्या बोटाकडे पाहिलं आणि नजर वळवली. "दौलतकाकांची काळजी करू नको. आमी आहोत ना."

हेच तर मला नको होतं, हे 'आमी आहोत ना'.

घरी येऊन मी चपला बाबांसमोर ठेवल्या. डाव्या हातानं त्यांनी त्या बाजेखाली सारल्या.

"कोणाले सांगू नको," ते म्हणाले.

"म्हणजे मिलमध्येच झालं. मशीन चालू होतं."

"शेटजीचं पारणं होऊ दे. मंग पाहू."

"शेटजींच्या पारण्याशी तुमच्या अंगठ्याचा काय संबंध?"

"अठाई करून राह्यले ते. आठ दिवस फक्त पाण्यावर. या वयात. पारणं होईपर्यंत गप राय, पोरी. मी शब्द देल्ला."

म्हणजे माझा अंदाज बरोबर होता तर. शेटजींनी बाबांकडून शब्द घेतला होता. उपास करायचा, तोंडाला फडकं बांधून स्थानकात बसायचं, आणि इकडे नेम मोडल्याची बातमी फुटू नये म्हणून गड्याचं तोंड बंद करायचं. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की कारखान्यात कोणाला मोठी दुखापत झाली तर मालकानं ताबडतोब सरकारी कार्यालयात कळवायचं असतं, विम्याला कळवायचं असतं. कळवायचं म्हणजे दिवस सांगावा लागणार. दिवस सांगितला की पर्युषणात मिल चालू होती हे समाजात उघड होणार. मला सगळं लख्ख दिसलं, आणि त्या म्हाताऱ्याची मला किळस आली.

त्यात रोज संध्याकाळी त्यांच्या घरून डबा यायचा. अर्पितभाऊंची बायको जिनलवहिनी स्वतः घेऊन यायची. मऊ मुगाची खिचडी, फळं. माय पदरानं डोळे पुसायची.

"पाय बरं, किती जीव लावतात लोक."

"माय, बिनकामाची माया मी तरी पाह्यली नाही."

"तुह्या जिभेले काही हाड?" माय म्हणाली. डबा मात्र मी खाल्ला नाही. बाबांनीही फार खाल्ला नाही. त्यांना ताप चढला होता. हात मनगटापर्यंत सुजला होता आणि अंगठा वाकतच नव्हता. मायनं हळूच बोट धरून वाकवायचा प्रयत्न केला तर बाबांनी बाजेची कड दातांत धरली.

मी म्हटलं, दवाखान्यात चला, मी डॉक्टरांना खरं काय ते सांगते. बाबा म्हणाले, तू सांगणार असशील तर मी येत नाही. मग अर्पितभाऊंची जीप आली आणि मला घरी ठेवून ते दोघं गेले. परत आले ते नवीन गोळ्या घेऊन. डॉक्टर म्हणाले होते, पात्याची जखम आहे, सूज उतरेल. बाबांचा उजवा अंगठा गेला तर ते पोतं शिवणार नाहीत, वखर धरणार नाहीत, बैलाचं दावं सोडणार नाहीत. हे मला कळत होतं, मायला कळत होतं, बाबांना तर कळतच होतं. तरी घरात सगळे दुसऱ्याच कोणाच्या तरी पारण्याची वाट बघत होते.

पारण्याच्या दिवशी सकाळी शेटजी आमच्या दारात आले. हीदेखील त्यांची रीत. संवत्सरीचा शेवटचा दिवस सरला की तोंडात पाण्याचा थेंब घालण्याआधी ते मिलमधल्या प्रत्येक माणसाच्या घरी जाऊन माफी मागतात. पांढरे कपडे, गाल आत गेलेले, एका बाजूनं अर्पितभाऊंनी धरलेलं. मायनं घाईनं सतरंजी टाकली. ते बसले नाहीत. बाबा उठू लागले तर त्यांनी हातानंच थांबवलं आणि हात जोडले.

"मिच्छामि दुक्कडम, दौलतराव. वर्षभरात जाणून-अजाणता माह्या हातून काही चुकलं असेल, तं माफ करा."

"असं कायले म्हणता, शेटजी," बाबा पुटपुटले.

मी मध्ये उभी राहिले. माय मागून माझी ओढणी ओढत होती.

"शेटजी, जाणून कोणतं आणि अजाणता कोणतं, ते सांगून माफी मागा."

"निकिता," बाबा म्हणाले.

"बाबांचा हात कशात गेला, ते तुमच्या तोंडून ऐकायचं आहे मला."

शेटजींनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. "कुट्टीत गेला ना, बेटा. अर्पितनं सांगितलं."

"मग दाखवा कुट्टी. हे आमचं घर, हा गोठा. ते प्रेमसिंगकाकांचं अंगण. त्यांच्या कुट्टीवर कोंबडी बसली आहे."

मला वाटलं होतं, आता ते नजर चुकवतील, खोकतील, उपासाचं कारण सांगून खाली बसतील. त्याऐवजी त्यांनी खरोखरच गोठ्याकडे पाहिलं. मग भिंतीपलीकडे पाहिलं. सापडेल म्हणून शोधणाऱ्या माणसाची ती नजर होती. मग ते मुलाकडे वळले आणि अर्पितभाऊंनी मान खाली घातली. या माणसाला काहीच माहीत नव्हतं.

"मिल चालू होती?" शेटजींनी विचारलं.

मायनं माझी ओढणी सोडली.

"अर्पित, पर्युषणात मिल चालू होती?"

"महालक्ष्म्यांच्या पुरणाची डाळ द्यायची होती, पप्पा. व्यापाऱ्याले शब्द देल्ला होता. एकच दिवस लावली. तुमची अठाई चालू होती, तुमाले सांगितलं असतं तं तुमी... मीच दौलतकाकाले म्हटलं, पारणं होईपर्यंत थांबा. त्यायनं बी ऐकलं."

शेटजी बाबांकडे वळले. "तुमी बी?"

बाबांचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, "शेटजी, आधी पारणं करा. घरी सारे वाट पाहून राह्यले असतील."

मुलाच्या हातातून शेटजींनी आपला हात सोडवून घेतला.

"जीप काढ. दवाखान्यात चल. पाणी मंग पिईन."

डॉक्टरांना त्यांनीच सांगितलं. माझ्या मिलमध्ये, चालू मशीनच्या पट्ट्यात, असं एकेक शब्द तोडून. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि ते इतके चिडले की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावू लागले.

"मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. पात्यानं कापलं म्हणालात म्हणून मी कापल्यासारखं शिवलं. पट्ट्यानं हात ओढला म्हटलं असतं तर आतली शीर कुठं तुटली ते उघडून शोधलं असतं, त्याच दिवशी अकोल्याला पाठवलं असतं. आता सांगता?"

"आता काही होईल का?" शेटजींनी विचारलं.

"आजच न्या. होईल की नाही ते तेच सांगतील."

अकोल्याच्या सर्जननं हात उघडला, आतला पू काढला, हात वाचवला. अंगठा वाकवणारी आतली शीर तुटून आत ओढली गेली होती, आखडली होती, सडली होती. ते शांतपणे म्हणाले, लगेच आणलं असतं तर जोडता आली असती. माय तिथेच जमिनीवर बसली. शेटजी बाकावर होते. त्यांच्यासमोर जिनलवहिनीनं आणलेलं मुगाचं पाणी गार होऊन गेलं होतं.

परत आल्यावर शेटजींनी अर्पितभाऊंना समोर बसवून सरकारी कार्यालयाला आणि विमा कंपनीला कळवायला लावलं. मी तिथे होते. मुद्दाम गेले होते, कारण किळस गेली तरी संशय गेला नव्हता.

"पोळ्याच्या आदल्या दिवशी, मिल चालू असताना, असं लिही," शेटजी म्हणाले.

"पप्पा, पर्युषण सरल्यावरचा दिवस टाकू. समाजात तुमचं..."

"समाजाले मी सांगतो. तू लिही."

त्यांनी सांगितलंही. स्थानकात सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. काही लोक अजूनही त्यांच्याशी तुटक बोलतात असं ऐकते.

मला वाटलं, आता खरं बाहेर आलं, आता सगळं सुरळीत होईल. मग चौकशीचा साहेब आला. मिलमध्ये फिरला, नवा पट्टा पाहिला, नव्या जाळीवरून हात फिरवला, दवाखान्याचे कागद पाहिले, आणि आम्हा सगळ्यांना एका रांगेत बसवलं.

"दवाखान्यात कुट्टी, अर्जात मिल. तुटलेला पट्टा कुठं आहे?"

"भंगारात दिला," अर्पितभाऊ म्हणाले.

"जाळी आधी नव्हती?"

"नव्हती."

"आणि मशीनवरचा दुसरा माणूस?"

"घरी पाठवला."

साहेब हसला. "पट्टा नाही, साक्षीदार नाही, कागद उलटे, आणि आठ दिवसांनी सगळ्यांना एकदम खरं आठवलं. शेत घरचंच ना यांचं? घरी झालेलं मिलवर टाकून विम्याचे पैसे वाटून घ्यायचे, असं नसेल कशावरून?" मग तो माझ्याकडे वळला. "तू कॉलेजात आहेस ना? हे सगळं तूच शिकवलंस वाटतं."

माझे कान तापले. आयुष्यभर मी दुसऱ्यांकडे जशी बघत आले तसंच तो माझ्याकडे बघत होता, आणि ते सहन होत नव्हतं. मी म्हणाले, चपला मशीनघराबाहेर सापडल्या. तो म्हणाला, चपला कोणीही ठेवील.

जाताना फाटकापाशी तो शेटजींना म्हणाला, "त्याच दिवशी फोन केला असता तर मी तुटलेला पट्टा पाहिला असता, चहा घेतला असता आणि सही करून गेलो असतो. आता खरं असलं तरी मला खोटं धरूनच तपासावं लागेल."

शेटजी स्वतः मानोऱ्याकडे गेले. तांड्यावर रूपला नव्हता. तो बांधकामावर पुण्याला गेला होता. कुठल्या इमारतीवर ते घरच्यांनाही ठाऊक नव्हतं. तो दिवाळीला आला तेव्हा त्याचा जबाब झाला. त्यानं बाबांचा हात पट्ट्यातून ओढून काढला होता, ते सांगताना तो आपलाच अंगठा धरून होता. पुढेही कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. होळी झाली, ऊन तापलं, आणि मग एकदाचा मिलमधला अपघात हा मिलमधला अपघात ठरला. भरपाई मिळाली. अंगठा तसाच राहिला, काठीसारखा ताठ.

बाबा आता मिलच्या फाटकावर बसतात, गाड्यांची नोंद डाव्या हातानं करतात. अर्पितभाऊ रोज त्यांना आधी नमस्कार करतात. त्यांच्या मनात काय आहे हे शोधण्याचा मी प्रयत्न करते, पण पश्चात्तापाशिवाय काही सापडत नाही. रूपला पुन्हा मशीनवर आहे.

या वर्षी पुन्हा पर्युषण आलं. शेटजींनी पुन्हा अठाई धरली आणि मिलला स्वतःच्या हातानं कुलूप लावलं. किल्ली त्यांनी बाबांकडे दिली. "तुमच्याजवळ राहू द्या," एवढंच म्हणाले. बाबांनी ती गळ्यातल्या दोऱ्याच्या गोफात अडकवली.

खांदमळणीच्या दिवशी दुपारी मी कॉलेजातून येताना रस्त्यावरच उतरले आणि मिलपाशी गेले. फाटकाला कुलूप होतं, छोट्या दारालाही होतं. आवाज काहीच नव्हता. आवाज नाही म्हणजे मशीन नाही हे कळत असूनही मी मागच्या बाजूला गेले आणि मशीनघराच्या भिंतीवर तळवा टेकवून उभी राहिले. मशीन चालू असलं की ती भिंत थरथरते. भिंत गार होती, निश्चल होती. मला स्वतःची लाज वाटली, तरी हात उचलायला थोडा वेळ लागला.

घरी आले तेव्हा बाबा गोठ्यात होते. डाव्या हातानं मोहऱ्याच्या खांद्याला तूप-हळद लावत होते आणि उजव्या हाताच्या चार बोटांनी ती पसरत होते. अंगठा बाजूला उभा होता. मोहऱ्यानं डोळे मिटले होते. मी वाटी धरायला जवळ गेले. बाबांनी मायकडे पाहिलं. ती चुलीपाशी होती, तिला ऐकू येणार नव्हतं. गळ्यातली किल्ली त्यांनी मुठीत धरली.

ज्या माणसानं उभ्या जन्मात शेटजींच्या शब्दावर शंका घेतली नव्हती, तो माणूस हळू आवाजात मला म्हणाला, "मिलकडून आली ना? बंद हाय ना खरंच?"